आजार आटोक्यात आहे, मग जगणं नकोसं का वाटतं?

मागच्या अंकात मनोविकारांच्या औषधांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत औषधांपेक्षा दुसराच प्रश्न जास्त निघाला: उपचार चालू असलेलं माणूस मरणाची भाषा का बोलतं? त्यातली तीन पत्रं इथे घेतली आहेत. गावं आणि ओळख पटण्याजोगे तपशील बदलले आहेत.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला आज, आत्ता जीव नकोसा झाला असेल तर पुढचं वाचत बसू नका. 14416 हा टेलि-मानसचा नंबर लावा. 2022 पासून चालू असलेली सरकारी सेवा आहे, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

प्रश्न: ताई, नमस्कार. माझा धाकटा भाऊ 34 वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याला स्किझोफ्रेनिया झाला. मधली वर्षं फार वाईट गेली. आता दोन वर्षं गोळ्या नियमित आहेत, कानात ऐकू येणारे आवाज जवळजवळ बंद झालेत. वेळेवर अंघोळ करतो, बाजारातून भाजी आणतो. डॉक्टर म्हणाले, आजार आटोक्यात आहे. दिवाळीत त्याचा कॉलेजचा मित्र बायको-मुलांना घेऊन भेटून गेला आणि तेव्हापासून भावाचं बोलणं बदललं. ‘ताई, तू किती वर्षं माझं करणार? मी नसतो तर तुझं तरी नीट झालं असतं.’ परवा म्हणाला, ‘बरा होऊन करायचं काय?’ आई म्हणते, लक्ष देऊ नको, बोलून मोकळा होतो. मला भीती वाटते. पण थेट विचारलं तर त्याच्या डोक्यात नाही ते मीच घालीन असंही वाटतं. हे आजार बोलतोय की तो?
(एक बहीण, बार्शी)

उत्तर: त्याला विचारा. अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती म्हणून तुम्हाला आधीच फोनवर कळवलं. बाकीच्यांसाठी इथे सविस्तर लिहिते.

विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती घरोघरी आहे. शिकाऊ डॉक्टरांनाही असते. त्यावर परदेशांत अभ्यास झाले आहेत, शाळकरी मुलांवर आणि रुग्णांवरही. विचारल्याने धोका वाढतो असं त्यांत आढळलं नाही. काहींचा त्रास उलट हलका झाला. तुमच्या भावाने तर दार स्वतःच किलकिलं करून ठेवलंय.

समोर बसवून चौकशी केल्यासारखं विचारू नका. शेंगा सोलताना, गच्चीवर कपडे काढताना, हाताला काम असताना विचारा. ‘तू त्या दिवशी म्हणालास ना, बरा होऊन करायचं काय, ते माझ्या मनात राहिलंय. जीव देण्याचे विचार येतात का तुला?’ शब्द स्पष्ट असू द्या. ‘तसलं काही करणार नाहीस ना?’ असं मात्र कधीही विचारू नये. त्याला ‘नाही’ एवढंच उत्तर देता येतं, आणि तेच मिळतं. तो ‘हो’ म्हणाला तर लगेच ‘असं बोलू नये’, ‘आईचा विचार कर’ असं म्हणायचा मोह होईल. तो आवरा. आईचाच विचार करून तो या टोकाला आलेला असतो. ऐकून घ्या, मग विचारा की कसं, कधी, असं काही ठरवलंय का, तयारी केलीय का. ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओपीडी बंद असेल तर अपघात विभागात जा. आधी कधी प्रयत्न झालेला असेल तर तेही तिथे आठवणीने सांगा, कारण पुढच्या धोक्याची तेवढी मोठी खूण दुसरी नाही.

आईंचं म्हणणं मला खोडून काढावं लागतंय. ‘बोलतो तो करत नाही’ हे खरं नाही. ज्यांनी जीव दिला त्यांतल्या बऱ्याच जणांनी आधी कुणाला तरी, कुठल्या तरी शब्दांत सांगितलेलं असतं. आणि ते शब्द बहुतेक वेळा मरणाबद्दलचे नसतात. ‘माझं आता काही खरं नाही.’ ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास.’ ‘झोपलो की उठूच नये असं वाटतं.’ घरचे गोळ्या मोजतात, आवाज येतात का विचारतात, आणि ही वाक्यं कानामागे टाकतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करते. गोळ्या लिहून देणं माझं काम नाही. रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलणं, घरी गेल्यावर पुढे काय हे बघणं, हे माझं काम. तिथून जे दिसतं ते सांगते. आवाज कमी झाले, संशय कमी झाला, झोप लागली की केसपेपरवर ‘सुधारणा’ असा शेरा येतो. माणसाला मात्र त्याच वेळी जाग येते. इतके दिवस आवाजांच्या गदारोळात जे दिसत नव्हतं ते दिसायला लागतं. बारा-तेरा वर्षं गेली, डिग्री राहिली, मित्राला दोन मुलं झाली. हे दुःख आजाराचं लक्षण नव्हे, ते खरंखुरं दुःख आहे. पण त्यातून ‘म्हणून आता काहीच होणार नाही’ हा जो निष्कर्ष निघतो, त्यात नैराश्य बोलत असतं. म्हणून म्हणते, आजारही बोलतोय आणि तोही.

स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी सुमारे 5 टक्के लोकांचा मृत्यू आत्महत्येने होतो. पूर्वी हा आकडा 10 टक्के मानत. तरुण, शिकलेली, ज्यांच्याकडून घराच्या आणि त्यांच्या स्वतःच्या मोठ्या अपेक्षा होत्या अशी मुलं यात जास्त दिसतात. आपल्याला आजार आहे हे कळणं उपचाराच्या दृष्टीने चांगलंच. त्या कळण्याला हताशा चिकटली की मात्र धोका वाढतो.

हताशा हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी 1974 मध्ये ती मोजण्यासाठी 20 वाक्यांची एक प्रश्नावली केली. भविष्याबद्दलची साधी वाक्यं, खरं की खोटं एवढंच सांगायचं. मग आत्महत्येच्या विचारांमुळे दवाखान्यात दाखल केलेल्या 207 रुग्णांचा त्यांनी पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला. 1985 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. 14 जणांनी पुढे जीव दिला होता. ते कोण असतील याचा अंदाज नैराश्य एकूण किती तीव्र होतं यावरून आला नाही, भविष्याबद्दल ते किती हताश होते यावरून आला. हताशेचे गुण 10 किंवा जास्त, ही खूण त्यांतल्या 91 टक्क्यांना लागू पडली. याची दुसरी बाजूही सांगायला हवी: गुण जास्त असूनही बहुतेक जण पुढे जगले. म्हणजे हताशा हे भविष्य नव्हे. तिच्यावर उपचार करता येतात, आणि म्हणूनच ती ओळखायची.

दुसरी गोष्ट ओझ्याची. आमच्या गटात एक मुलगा यायचा. त्याने एकदा पिशवीतून शंभर पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. तारीख, गोळ्यांचं बिल, एसटीचं भाडं, आईची बुडालेली रोजंदारी, रक्त तपासणी, आणि प्रत्येक पानाखाली बेरीज. अक्षर सुंदर होतं. शांतपणे म्हणाला, मॅडम, हे बघा, मी घराला परवडत नाही. त्या वहीत जमेची बाजूच नव्हती. आम्ही आईला बोलावलं आणि त्याच्यादेखत विचारलं की हा घरात काय काय करतो. त्या सांगत गेल्या: पहाटे पाण्याची मोटर लावतो, माझ्या साखरेच्या गोळ्या आठवण करून देतो, शेजारच्या पोरांना गणित सांगतो, रात्री कडी लावली का बघतो. तो ऐकत होता. यातलं काहीच त्याने लिहिलं नव्हतं, कारण त्याला ते हिशोबात धरण्यासारखं वाटतच नव्हतं. त्या एका दुपारने त्याचे विचार गेले नाहीत. पण त्यानंतर त्याला हळूहळू खरं काम दिलं, कुणाला तरी ज्याची गरज आहे असं, आणि वही मागे पडली.

थॉमस जॉइनर या मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात मरणाच्या इच्छेमागे दोन धागे आहेत: आपण कुणावर तरी भार आहोत, आणि आपण कुणाचेच नाही. दोन्ही एकत्र आले, आणि हे असंच राहणार असं वाटलं, की मरणाची इच्छा बळावते. तुमच्या भावाची दोन्ही वाक्यं वाचून मला हेच आठवलं. ‘तू किती वर्षं करणार’ याला ‘असं काही नाही रे’ हे उत्तर पुरणार नाही, कारण तुम्ही करताय हे त्याला दिसतं. ‘हो, करते, थकतेही कधी कधी. आणि तू हवा आहेस’ असं दोन्ही म्हणा. मग त्याच्यावर एखादी जबाबदारी टाका. उपकार म्हणून दिलेलं काम त्याला लगेच कळेल. जे खरंच अडतं तेच द्या.

डॉक्टरांकडे पुढच्या तारखेची वाट न बघता जा आणि त्याची दोन्ही वाक्यं जशीच्या तशी कागदावर लिहून न्या. ‘आटोक्यात आहे’ ही नोंद आवाजांबद्दलची आहे. मूडबद्दल वेगळं विचारून घ्या. आवाज थोडे उरले असतील तर ते काय सांगतात हे विचारायला सांगा. कधी कधी आवाज स्वतःला इजा करण्याचा हुकूम देतात आणि रुग्ण ते लाजेने लपवतो. त्याला एका जागी बसवत नाही, पाय सतत हलतात, आतून तगमग होते असं असेल तर तेही सांगा. हा काही औषधांचा दुष्परिणाम असू शकतो, तो असह्य असतो, घरचे त्याला आजाराची अस्वस्थता समजतात, आणि औषध बदलून किंवा कमी करून तो जातो. क्लोझापिन नावाचं औषध स्किझोफ्रेनियात आत्महत्येचे प्रयत्न कमी करतं हे 2003 मध्ये 980 रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात दिसलं. त्याला नियमित रक्त तपासणी लागते. आपल्या भावाला ते योग्य आहे का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

गोळ्यांचा साठा तुमच्या ताब्यात ठेवा. घरी शेती असेल तर फवारणीचं औषध घरात नको, कुलपात आणि दुसऱ्याच्या जागी हवं. यावर मी हटून बसते. असह्य क्षण बऱ्याचदा थोडाच वेळ टिकतो, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं यानेच खूप जण वाचलेत.

प्रश्न: माझ्या पत्नीला तीव्र नैराश्य होतं. दवाखान्यात राहून बरी होऊन आली, घरी येऊन आठवडा झालाय. पुढची तारीख महिन्यानंतरची आहे. ती शांत आहे, थोडी हसतेही. आई म्हणते, आता घरकामाला लागू दे म्हणजे मन रमेल. एका मित्राने सांगितलं की अशी माणसं एकदम शांत झाली की सावध राहावं. तेव्हापासून ती हसली तरी माझ्या पोटात गोळा येतो.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: प्रत्येक हसण्याला घाबरू नका. बहुतेक वेळा ते हसणं बरं वाटल्याचंच असतं. अचानक आलेल्या शांततेबरोबर वस्तू वाटून टाकणं, हिशोब मिटवणं, निरोप घेतल्यासारखं बोलणं असं काही दिसलं तर मात्र त्याच क्षणी विचारा. कसं विचारायचं ते वर लिहिलंय.

महिन्यानंतरची तारीख मला लांब वाटते. मनोविकार विभागातून घरी गेल्यानंतरचे पहिले तीन महिने सगळ्यांत नाजूक असतात, त्यातही पहिला आठवडा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत घरी गेलेल्या अशा रुग्णाशी 72 तासांत संपर्क व्हावा असं ठरवून दिलेलं आहे. आपल्याकडे गर्दीमुळे ते होत नाही, म्हणून तुम्हीच या आठवड्यात तिला घेऊन जा. तारीख नसली तरी बघतात. नंबर लावायला सकाळी लवकर जा, एवढंच.

हे दिवस नाजूक का असतात? वॉर्डात दिवसाला आकार असतो: चहा, गोळ्या, राउंड, कुणीतरी विचारपूस करणारं. घरी आल्यावर तोच ओटा, तेच हप्ते, आणि शेजारणीची तीच नजर. शिवाय अंगातली शक्ती आधी परत येते, आशा मागाहून येते. मधल्या काळात ‘इतकं करूनही मी पूर्ण बरी झाले नाही’ ही शरम मनात घर करते. तेव्हा आईंना सांगा की काम थोडं थोडं करू दे, पण ते बरं झाल्याची परीक्षा म्हणून नको. आणि झोपेकडे लक्ष ठेवा. सलग काही रात्री झोप उडाली तर तेवढ्यासाठीही डॉक्टरांना फोन करा.

एक जुना प्रयोग सांगते, मला तो फार प्रिय आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जेरोम मोटो नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. दवाखान्यातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या 843 रुग्णांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षं अधूनमधून पत्रं पाठवली, सुरुवातीला दर महिन्याला, मग अंतर वाढवत. पत्र दोन-चार ओळींचं, ख्यालीखुशालीचं, काही न मागणारं. ज्यांना पत्रं गेली त्या गटात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्या लक्षणीय कमी झाल्या. तुमच्या वहिनींना, तिच्या मैत्रिणीला सांगा की चार दिवसांनी एक मेसेज टाका. ‘गोळी घेतलीस का’ असा नको. ‘तुझ्या हातच्या लोणच्याची आठवण आली’ असा.

प्रश्न: वय 27, पुण्यात नोकरी. मला बायपोलर आहे, मूड कधी टोकाचा चढतो, कधी टोकाचा उतरतो. मागच्या वर्षी मॅनियात, म्हणजे मूड चढलेला असताना, मी बॉसला वाट्टेल ते ईमेल पाठवले, कर्ज केलं, ठरलेलं लग्न मोडलं. आता मूड सावरणारं लिथियम हे औषध चालू आहे, मूड स्थिर आहे असं सगळे म्हणतात. पण रात्री ते सगळं डोळ्यांसमोर येतं आणि यातून सुटायला एकच रस्ता आहे असं वाटतं. करणार नाहीये, पण वाटतं. डॉक्टरांना सांगितलं तर पोलीस, ऑफिस, सगळीकडे कळेल का?
(नाव नको)

उत्तर: तू हे लिहिलंस, फार बरं केलंस. आता हेच डॉक्टरांना सांग.

आधी भीतीचं बघू. विचार येणं आणि ते डॉक्टरांना सांगणं हा गुन्हा नाही, कधीच नव्हता. प्रयत्न केलेल्या माणसाबद्दलही 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 सांगतं की तो तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा नको, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा धरणारं जुन्या दंड संहितेतलं कलम 309 आताच्या भारतीय न्याय संहितेत तसं राहिलेलंही नाही. त्याच 2017 च्या कायद्यात तुझी माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. जिवाला धोका असेल तेव्हा घरच्यांना विश्वासात घेतात. ऑफिसला कुणी फोन करत नाही.

तुझ्या पत्रातली दोन वाक्यं मी अधोरेखित केली. पहिलं, रात्री ते सगळं डोळ्यांसमोर येतं. मॅनियात केलेल्या गोष्टींची शरम हा बायपोलरमधला फार दुर्लक्षिलेला भाग आहे. मूड स्थिर झाला तरी शरम राहते, आणि रात्री एकटीने तीच तीच घटना उगाळली की ती वाढते. यावर गोळी नाही, बोलण्याचे उपचार आहेत. मानसोपचारासाठी वेगळी वेळ माग. लिथियम स्वतःहून बंद करू नकोस. आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत त्याच्याइतका पुरावा मूडच्या फार थोड्या औषधांमागे आहे.

दुसरं वाक्य, ‘एकच रस्ता’. अडकल्याची ही भावना जीवघेणी असते, कारण ती खरी वाटते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स यांनी आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेल्यांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले. त्यांना नेमका दिवस, नेमका प्रसंग आठवणं जड जात होतं. ‘पूर्वी बरं वाटायचं’ असं ढोबळ काहीतरी निघायचं. मागच्या वेळी यातून बाहेर कसे आलो तेच आठवलं नाही, तर दुसरा रस्ता दिसणार कुठून?

म्हणून तो रस्ता बऱ्या वेळी लिहून ठेवायचा. याला सुरक्षा-आराखडा म्हणतात. अमेरिकेत स्टॅनली आणि ब्राउन या दोघांनी तो रूढ केला. ओपीडीत मी तो केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेते, रुग्णाच्याच शब्दांत. विचार वाढायला लागल्याची पहिली खूण कोणती (एका मुलीने लिहिलं होतं, ‘केस विंचरायचे बंद होतात’). मग एकटीने काय केल्याने थोडा वेळ जातो. मग कुठे जाऊन बसलं की माणसांत वाटतं. मग कुणाला फोन करायचा, आणि तो उचलला नाही तर कुणाला. मग डॉक्टर, 14416. घरात दूर काय ठेवायचं आणि ते कुणाकडे. ‘सकारात्मक राहीन’ असं काही लिहायचं नाही; रात्री दोन वाजता करता येईल तेवढंच लिहायचं.

हा कागद याच आठवड्यात कर. फोटो काढून एका विश्वासातल्या माणसाला पाठव, आणि पुढच्या भेटीत तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. त्यांनी विचारलं नाही तरी ठेव.